मागच्या भेटीबद्दल आभार

शनिवारी भरदुपारी टोर्किलने कार्स्टनच्या आईवरून एक घाणेरडी शिवी हासडली आणि हात खाली सोडून तो वाट पाहत उभा राहिला.

बंदरावरच्या गुत्त्यामागचं अंगण होतं ते. भिंतीला बिअरच्या रिकाम्या क्रेट रचलेल्या, वर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. कार्स्टन हा डुकरं वाहणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर. पंजे फावड्याएवढे, पण स्वभावाने गरीब.

"काय म्हणालास?" त्याने विचारलं. त्याला खरंच भांडायचं नव्हतं.

टोर्किलने शिवी पुन्हा दिली. या वेळी सावकाश, बहिऱ्याला सांगावं तशी.

पहिला ठोसा गालावर बसला. दुसऱ्याने भुवई फुटली आणि डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. तिसरा पोटात बसला तसा टोर्किल क्रेटवर जाऊन आदळला आणि चार-पाच बाटल्या फुटून त्याच्या तळहातात काचा घुसल्या. एवढं होईपर्यंत त्याने एकदाही हात उचलला नव्हता. कत्तलखान्यात वीस वर्षं सुरा चालवलेला माणूस तो. मनात आणलं असतं तर कार्स्टनला आडवा करणं त्याला जड नव्हतं.

"पुरे आता," कार्स्टन धापा टाकत म्हणाला.

"अजून एक."

"काय?"

"अजून एक मार की रे, भेकडा. हे बघ, इथे." टोर्किलने बोटाने नाक दाखवलं.

कार्स्टनने मारला, पण तो रागाने नव्हे. या माणसाला घाबरून. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. टोर्किल गुडघ्यांवर बसला, रक्त थुंकला आणि म्हणाला, "आभारी आहे."

आत टेबलावर त्याचा लिंबू सरबताचा ग्लास अर्धा तसाच होता. दारूचा थेंब त्याने जवळजवळ पाच वर्षांत घेतला नव्हता. यात खोटं काही नाही, अख्खं गाव साक्षीला आहे.

साक्षीला आहे म्हणजे अगदी सहीनिशी. दर सोमवारी आणि गुरुवारी, पाळी सुरू होण्याआधी, टोर्किल मुकादम आयनरच्या केबिनमध्ये जायचा. आयनर पाण्यात अँटाब्यूसची गोळी विरघळवायचा. टोर्किल ते पांढरट पाणी उभ्याने संपवायचा, ग्लास उलटा करून दाखवायचा, आणि आयनर तक्त्यावर सही करायचा. ही गोळी पोटात असताना दारू प्यालं की चेहरा पेटतो, छाती धडधडून फुटायला येते, ओकून ओकून माणूस आडवा होतो. टोर्किलने पहिल्याच महिन्यात एकदा तो प्रयोग करून पाहिला होता. न्हाणीघराच्या फरशीवर तो दोन तास मासळीसारखा तडफडला आणि त्याची बायको मेरेटे उशाशी बसून होती. पुन्हा त्या वाटेला तो गेला नाही.

आमच्या गावाला या ग्लासाचं फार कौतुक. ग्लास रिकामा झाला की माणूस बरा झाला, असा सगळ्यांचा पक्का हिशेब. आतल्या माणसाचं काय चाललंय, हे विचारायची आमच्याकडे रीत नाही, आणि एखाद्याने विचारलंच तर आम्ही हवापाण्यावर बोलतो. त्यामुळे दारू सोडून तिसऱ्याच महिन्यात टोर्किल पॅकिंगमधल्या एका घटस्फोटितेच्या घरी जाऊ लागला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती झाली, मग तिची मैत्रीण. मग मसाजच्या पाट्या लावलेली एस्बियर्गमधली दोन घरं. मग फोनवरून जुळणाऱ्या अनोळखी बायका, कधी दिवसातून दोन. जेवणाच्या सुट्टीत तो गाडी काढायचा आणि पाऊण तासात परत येऊन सुऱ्याला धार लावत उभा राहायचा. बायकांवर गोळी चालत नाही. तशी गोळी असती तर त्याने तीही घेतली असती, इतका तो स्वतःला विटला होता.

गंमत अशी की त्याला त्यांतल्या एकीचाही चेहरा आठवत नसे. अंगाची भूक म्हणावी तर ती पाच मिनिटांत भागायची. तो थांबायचा ते पुढच्या दोन-चार मिनिटांसाठी, कुणाचा तरी हात मानेवर पडून राहायचा म्हणून. तो हात लगेच उचलला जायचा. कुणाला कामावर जायचं असे, कुणाला पैसे मोजून हवे असत. मग गाडीत बसून तो पुढचीचा नंबर शोधायचा.

गेल्या सप्टेंबरात मेरेटेच्या हाती फोन लागला. तिने आरडाओरडा केला नाही. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली, सगळं वाचून काढलं, आणि वाचून झाल्यावर मांस कुटायच्या हातोड्याने त्या फोनचा भुगा केला. मग टोर्किलला समोर बसवून म्हणाली, "दारूच्या वेळी मी थांबले. आताही थांबते, एकदाच. चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी अशा माणसांची बैठक असते, तिथे जायचं. आणि यापुढे एक जरी थाप मारलीस, तर मी ऑल्बोर्गला बहिणीकडे जाईन आणि परत येणार नाही. थाप, टोर्किल. थाप मला चालणार नाही."

मेरेटे शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बोलण्यात आडपडदा नाही, आणि बोलली की तसं करणार. टोर्किलला जगात हीच एक बाई हवी होती, हे खरं आहे. इतक्या बायकांमागे धावणाऱ्याबद्दल हे सांगताना माझीच जीभ अडखळते, पण खरं आहे. ती गेली तर आपण संपलो, हे त्याला ठाऊक होतं.

तो बुधवारी जाऊ लागला. बैठक चालवणारी राग्ना म्हणजे निवृत्त नर्स, सत्तरीची, तोंडाने फटकळ. सात-आठ पुरुष गोल बसायचे आणि बुटांकडे बघायचे. तिसऱ्या बुधवारी तिने टोर्किलला विचारलं, "लहानपणी तुला जवळ कोण घ्यायचं?"

"आई."

"केव्हा?"

त्याला उत्तर लगेच सुचलं: मार बसला की. बाप मासेमारीच्या बोटीवर होता. दर्यावरून आला की कातडी पट्टा घेऊन कोठारात न्यायचा आणि दम लागेपर्यंत मारायचा. आई दाराबाहेर उभी असायची. आत शिरायची तिची छाती नव्हती. बापाचं आटोपलं की ती त्याला कपडे धुवायच्या खोलीत न्यायची, गार पाण्याच्या फडक्याने पाठ टिपायची, मांडीवर डोकं घ्यायची आणि लोण्यावर साखर भुरभुरलेली पावाची चकती भरवायची. एरवी ती कुणाला हातही लावत नसे. धाकटा भाऊ शहाणा, त्याला कधी मार बसला नाही. त्याला कधी मांडीही मिळाली नाही.

"आठ वर्षांचा असताना मी खिडकीची काच फोडली," टोर्किल म्हणाला. "मुद्दाम. बाप यायच्या आदल्या दिवशी."

राग्ना म्हणाली, "हं." मग तिने सगळ्यांना कॉफी ओतली. तिच्या त्या "हं"चा टोर्किलला राग आला होता, पण त्या रात्रीपासून त्याच्या बायका खरोखरच सुटल्या. अकरा आठवडे झाल्यावर त्याने बैठकीत फुशारकी मारली तेव्हा राग्नाने चष्म्यावरून पाहिलं.

"दारू गेली तेव्हा बायका आल्या," ती म्हणाली. "आता बायका गेल्या. मग कोण आलंय?"

"कुणी नाही."

"बघ बाबा. दार उघडं ठेवलंयस, एवढं मला दिसतंय."

तेव्हा खरंच कुणी आलं नव्हतं. तो नुसता जागा असायचा, दात आवळून, आणि कामावर दोनदा सुरा सटकला. मग ईस्टरच्या आठवड्यात कत्तलखान्यात डुकरं टांगायचा एक लोखंडी आकडा झोका खाऊन त्याच्या कपाळावर बसला. चार टाके पडले. घरी मेरेटेने कपाळ पुसलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि टीव्हीवरचा कार्यक्रम संपेपर्यंत तिचा हात त्याच्या मानेवर होता. टोर्किल त्या रात्री लाकडासारखा झोपला. सकाळी उठला तर जग कसं धुतल्यासारखं वाटत होतं. आठवड्याने टाके निघाले, मेरेटेचा हातही निघाला, आणि पुढच्याच शनिवारी त्याने बंदरावर दोन खलाशांची कुरापत काढली.

एप्रिलपासून हे असं चाललं होतं. कधी बरगडी, कधी दात, कधी डोळा. घरी सांगायला कारणं तयार असत: साखळी लागली, फरशीवर घसरलो, डुक्कर अंगावर पडलं. कत्तलखान्यात माणसं जखमी होतातच, त्यामुळे मेरेटेला शंका आली नाही. ती फडकं भिजवायची, पुटपुटत शिव्या द्यायची कामगार सुरक्षेच्या लोकांना, आणि त्याला कुशीत घ्यायची. त्यांचा संसार लग्नानंतर पहिल्यांदाच इतका गोडीत चालला होता. दारू नाही, बाई नाही, रात्री बायकोच्या कुशीत झोप. टोर्किलला वाटलं, जमलं आपल्याला. स्वतःची हाडं मोडून घेतोय, त्यात दुसऱ्याचं काय जातं?

शनिवारचं नाक त्याने साखळीच्या नावावर खपवलं: कामावर बंदरातल्या बोटीच्या साखळीवर, घरी कत्तलखान्यातल्या. शनिवारी जादा पाळी होती, ही आणखी एक थाप जोडून.

आणि गुरुवारी त्याच्या गोळीला पाच वर्षं पूर्ण झाली.

आयनरने कँटीनमध्ये केक मागवला होता, वर कागदाचे लाल-पांढरे झेंडे टोचलेले. आमच्याकडे वाढदिवस असो की निवृत्ती, झेंड्यांशिवाय केक कापला जात नाही. मेरेटे शाळेतून सुट्टी घेऊन आली होती, निळा झगा घालून. टोर्किलच्या नाकावर पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली पिवळं-जांभळं. पांढऱ्या कोटातले चाळीस कामगार टेबलांभोवती उभे होते. आयनरने सगळ्यांसमोर गोळी विरघळवली, टोर्किलने ग्लास उलटा करून दाखवला, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"साखळ्यांनासुद्धा याचं प्रेम आलंय बघा," आयनर म्हणाला. "दारूने सोडला तर लोखंडाने धरला!"

लोक हसले. मेरेटेही हसली आणि तिने टोर्किलचा हात धरला.

तेवढ्यात डुकरं उतरवून कार्स्टन कॉफी प्यायला आत आला. टोर्किलला पाहून तो दारातच थबकला. शनिवारपासून त्याला नीट जेवण गेलं नव्हतं. मागे फिरावं असं त्याला वाटलं असणार. पण आमच्याकडची एक रीत आहे, दुधाबरोबर पाजलेली: एकदा भेटलेला माणूस पुन्हा भेटला की आधी मागच्या भेटीबद्दल आभार मानायचे. न मानले तर माणूस उद्धट ठरतो. कार्स्टन टोपी काढून सरळ पुढे आला. त्याने हात पुढे केला.

"मागच्या भेटीबद्दल आभार," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले.

टोर्किलने त्याचा हात हातात घेतला.

"कुठे भेटलात तुम्ही?" मेरेटेने सहज विचारलं. नवऱ्याला मित्र मिळाला म्हणून तिला बरंच वाटलं होतं.

कार्स्टनला वाटलं, हिला सगळं माहीत असणार. नवऱ्याचं नाक मोडल्यावर कुठल्या बायकोला माहीत नसतं? "बाई, मला माफ करा," तो म्हणाला. "शनिवारी बंदरावर... मी एवढं मारणार नव्हतो हो. आईवरून बोलला हा. तरी मी थांबलो होतो. पण हाच म्हणाला, अजून एक मार. नाक दाखवून म्हणाला, इथे मार. आणि मग आभार मानले माझे. मला तेव्हापासून झोप नाही."

कुणीतरी केकमधला एक झेंडा उगाच सरळ केला. मेरेटेने टोर्किलचा हात सोडला. तिने कार्स्टनला शांतपणे विचारलं, "शनिवारी? किती वाजता?" आणि त्याने वेळही सांगितली, बिचाऱ्याने.

गाडी चालवून तिनेच त्याला घरी आणलं. जूनचं ऊन स्वयंपाकघरात भरभरून आलं होतं. तिने पर्स टेबलावर ठेवली.

"साखळी."

"मेरेटे, ऐक..."

"ईस्टरनंतरचं सगळं? दात? बरगडी?"

"कपाळ खरं होतं. आकडाच लागला होता."

"वा! एक तरी खरं निघालं म्हणायचं." ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "मी तिथे फडकी पिळत बसायची आणि तू... का रे? का जायचास मार खायला?"

त्याने सांगितलं. कोठार, पट्टा, मांडी, साखरेचा पाव. राग्नाला सांगितलं होतं त्याहून जास्त सांगितलं. मेरेटे ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"म्हणजे मी तुझ्या आईचं काम करत होते," ती म्हणाली. "नुसतं जवळ ये म्हणाला असतास तर मी आले नसते का रे?"

"तसं मला कळत नाही. तसं घेतलेलं मला लागत नाही, मेरेटे."

"मी जाते. बोलले होते तुला."

ती जिन्याकडे वळली. तो तिच्या आडवा आला. "मार मला," तो म्हणाला. "राग आलाय ना? मग मार. पण जाऊ नकोस."

"बाजूला हो."

"मार म्हणतो ना!"

"वेड लागलंय तुला. हो बाजूला."

मग त्याने ते केलं जे बंदरावर करायचा. आवाज खाली आणला आणि एकेका बाईबद्दल सांगू लागला. पॅकिंगमधली. तिची मैत्रीण. मेरेटेच्याच शाळेतली एक, जी तिच्याबरोबर रोज भाज्या चिरत होती. तिचं नाव घेतलं. मेरेटेच्या आईच्या प्रेताला फुलं वाहिली त्या दुपारी तो कुठे होता, तेही सांगितलं. आणि वर म्हणाला, "तू तर बर्फाची लादी. तुझ्याजवळ झोपायला माणसाला आधी रक्त काढावं लागतं."

मेरेटेने ओट्यावरचा पाव कापायचा लाकडी पाट उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. मोडलेलं नाक पुन्हा मोडलं. तो मागे धडपडला, खुर्चीसकट पडला. तिने परत हाणला, खांद्यावर. परत, डोक्यावर. पाटाला चीर गेली. "घे!" ती ओरडत होती. "घे! घे! घे!" त्याने हातांनी तोंड झाकलं नाही. कानामागून रक्ताची धार लागली आणि फरशीवरच्या उन्हात पसरली.

मग तिच्या हातातून पाट पडला. ती खाली बसली, सवयीने बसली, झग्याचा घोळ रक्तात बुडाला तरी तिला कळलं नाही. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि झग्याच्याच टोकाने कान दाबून धरला. टोर्किलने डोळे मिटले. त्याचं सगळं अंग सैल पडलं. जन्मात इतकं सुख त्याला झालं नव्हतं; बापाचा हात आणि आईची मांडी एकाच माणसात सापडली होती.

"आता बरं वाटलं," तो पुटपुटला.

मेरेटेचा हात थांबला.

"मलाही," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. ती खिडकीकडे बघत होती.

"पहिला फटका रागाने मारला," ती म्हणाली. "दुसरा मारताना मला बरं वाटलं, टोर्किल. तिसऱ्याला तर छातीतून काहीतरी मोकळं झालं. मी थांबले ती दयेने नव्हे, हात दुखला म्हणून. पुढच्या वेळी तू चिडवायचीसुद्धा गरज पडणार नाही. मीच कारण शोधीन." तिने त्याचं डोकं हलकेच उचलून फरशीवर ठेवलं. "थापेपायी जाणार होते. त्यापायी आता जात नाहीये. कळतंय ना तुला?"

त्याला कळलं. बाप मरून चौदा वर्षं झाली होती आणि आज टोर्किलनेच त्याला हाताला धरून घरात आणलं होतं, आणि आणून या बाईच्या अंगात घातलं होतं. आपलीच हाडं, आपलंच रक्त, दुसऱ्याचं काय जातं, असं तो म्हणत होता. त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, बायकांच्या काळातही नाही.

मेरेटेने रुग्णवाहिकेला फोन केला. "नवऱ्याला डोक्याला लागलंय," ती म्हणाली. "मी मारलंय. हो, मीच." पत्ता नीट सांगितला, मग झगा बदलला, बॅग भरली. टोर्किल भिंतीला धरून उठला आणि तिच्या मागोमाग बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत आला.

"दवाखान्यातले येईपर्यंत तरी थांब," तो म्हणाला.

"थांबले तर पुसत बसेन," ती म्हणाली. "मग उद्या पुन्हा मारीन."

ती गाडीत बसली. पण तिने लगेच गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोरच्या आरशात पाहत होती आणि आरशात टोर्किल दिसत होता. पायऱ्यांना लोखंडी कठडा होता. त्यावर एकदा डोकं आपटलं, नुसता तोल गेल्यासारखं केलं, की ती धावत येईल. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती दार उघडेल, पळत येईल, मांडी घालून बसेल, आणि मग कधीच जाणार नाही.

त्याने कठडा दोन्ही मुठींनी धरला. तळहातातल्या काचांच्या जखमा उघडल्या तरी धरला, पाय फाकवून, ताठ उभा राहून. गाडी सुरू झाली. गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी होईपर्यंत तो पडला नाही.